नागीचा आवाज

फुजिए मिकामोला तिचा आवाज सापडला तो दुसऱ्या एका बाईला ताप आला म्हणून. अकिताच्या एका खेड्यातून ती नाटकात काम करायला टोकियोला आली होती, आणि आल्या आल्याच तिच्या लक्षात आलं होतं की आपण तोंड उघडलं की लोक हसतात. बोलण्यात गावाकडचा हेल होता. शब्द नाकात अडकायचे, वाक्यांचे शेवट गिळले जायचे. मंडळीने तिला कपडेपटात बसवलं, आणि बराच काळ ती दुसऱ्यांच्या बाह्या शिवत राहिली. मग शाळाशाळांतून फिरणाऱ्या एका बालनाट्याच्या दौऱ्यावर कोल्ह्याच्या पिल्लाचं काम करणारी बाई आजारी पडली. दुसरं कुणी नव्हतं, म्हणून फुजिएला मुखवटा चढवून उभं केलं. मुखवट्याआडून जो आवाज निघाला तो एका लहान पोराचा होता. खरखरीत, उतावळा, नुकताच पळत आल्यासारखा. आणि त्यात हेल नव्हता. स्वतःच्या आवाजात तिला कधी जमलं नाही ते शहरी बोलणं त्या पोराला आपसूक येत होतं.

त्या आवाजावरच तिचा पुढचा संसार चालला. लग्न झालं, शुहेई झाला. नवरा कागदाच्या कारखान्यात होता. त्याची बदली उत्तरेला कुशिरोला झाली आणि तो तिकडचाच होऊन गेला. नव्या वर्षाला आणि ओबोनला, पितरांच्या सणाला, यायचा, दोन दिवस गप्प बसून बिअर प्यायचा, परत जायचा. भांडण असं काही नव्हतंच. टोकियोजवळच्या तानाशीत, सरकारी वसाहतीतल्या घरात उरले ते फुजिए, शुहेई आणि नागी.

नागी हा टीव्हीवरच्या कार्टून मालिकेतला पोरगा, आवाज फुजिएचा. 'नागी आणि सात बेटं' दर रविवारी सकाळी लागायची. नागी होडीतून हिंडायचा, सोबत गोई नावाचा एक कुरकुऱ्या बगळा. दर आठवड्याला नवं बेट, नवा राक्षस, आणि शेवटी दोघं वाळूत बसून भाताचे गोळे खायचे. नागीच्या बाहुल्या निघाल्या, डबे निघाले, पोरांच्या चपलांवर नागी आला. बालवाडीच्या फाटकाशी बाकीच्या आया फुजिएला अडवायच्या.

"मिकामो-सान, एकदाच म्हणा ना! आमचा केन ऐकल्याशिवाय हलायचा नाही."

"गोई, भूक लागली!" फुजिए म्हणायची, आणि पोरं किंचाळायची. शुहेई तिच्या स्कर्टला धरून असा उभा राहायचा, की जणू ते सगळं त्यानेच घडवून आणलंय.

माध्यमिक शाळेत तेच त्याच्या अंगावर आलं. हा नागीच्या आईचा मुलगा, हे कुणालातरी कळलं. मग त्याचा डबा खिडकीबाहेर गेला की मागून कोरस यायचा, "गोई, भूक लागली!" तो शौचालयात गेला की दाराबाहेर कुणीतरी नागीचा आवाज काढून विचारायचं, "गोई, शू करू का?" घरी तो यातलं काही बोलला नाही. फुजिएला हे सगळं पुढे वर्गशिक्षकांकडून कळलं, तेही त्यांनी हसत हसत सांगितलं, पोरांची थट्टा म्हणून. उन्हाळ्याची सुट्टी संपली त्या सकाळी शुहेईने गणवेश घातला, दारात बसून बुटाच्या नाड्या बांधल्या, तसाच बराच वेळ बसून राहिला. मग नाड्या सोडल्या, बूट नीट जोडीने ठेवले आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

ते दार तिच्यासमोर पुन्हा उघडलं नाही. ती कामाला गेली की तो अंघोळीला बाहेर यायचा, हे तिला ओल्या टॉवेलवरून कळायचं. जेवणाचं ताट ती दाराशी ठेवायची. पुष्कळदा ते तसंच परत यायचं.

इकडे मालिकाही पहिल्यासारखी राहिली नव्हती. जुने दिग्दर्शक निवृत्त झाले आणि त्यांच्या हाताखालचा नुकागा वर आला. हा उंच, वाकलेला, नखं खाणारा माणूस. पहिल्या वर्षी त्याने राक्षस बंद केले. नागी अशा बेटावर जायचा, जिथे लोकांना आपली नावं आठवत नाहीत आणि त्यांना त्याचं दुःखही नाही. एका भागात नागी आणि गोई धक्क्यावर होडीची वाट बघत बसले. भाग संपला, होडी आलीच नाही. एक भाग नुसत्या पेन्सिलीच्या रेघांत होता. एकात पडदा काळा आणि फक्त आवाज. खेळणीवाल्या कंपनीने पाठिंबा काढून घेतला. रविवारची सकाळ गेली, आणि मालिका लहान मुलं झोपल्यावरच्या वेळेला जाऊन पडली. तिथे तिला वेगळेच लोक भेटले. विद्यार्थी, एकटे राहणारे कारकून, मासिकांत लांबलचक लेख लिहिणारे.

फुजिएला मात्र घाम फुटायला लागला. आवाज देताना समोरच्या पडद्यावर चित्रं नेहमीच अपुरी असायची. ती रंगवून व्हायच्या आधीच कलाकारांना बोलावं लागायचं. पण आता तिला ओळखू येईना.

"हे अजून व्हायचंय, की असंच राहणार आहे?" तिने एकदा ओताकींना विचारलं. ओताकी गोईचा आवाज द्यायचे. सत्तरीचे, पोटाने सुटलेले, कापडाचा आवाज माइकमध्ये जाऊ नये म्हणून वर्षभर एकच मऊ स्वेटर घालणारे.

"मला विचारू नकोस गं, फुजिए-चान," ते म्हणाले. "मी पक्षी आहे. मला कागदावर 'हं' लिहिलंय, मी 'हं' म्हणतो."

तिला तसं जमत नव्हतं. तिचं सगळं काम पोटातून यायचं. पोरगा घाबरला की ती घाबरायची, त्याला भूक लागली की तिलाही लागायची. आता पटकथेत लिहिलेलं असायचं, 'माझी सावली गेली, तर माझं वजन कमी होईल का?' हे घाबरून म्हणायचं की गंमत म्हणून? काचेपलीकडे बसलेल्या नुकागाला विचारलं की तो नख खात म्हणायचा, "मलाही नक्की माहीत नाही, मिकामो-सान. म्हणून बघूया."

ते वाक्य घेऊन ती एका संध्याकाळी स्वयंपाकघरात उभी होती. गॅसवर मिसो सूप, एका हातात पळी, दुसऱ्यात पटकथा. रडवेलं करून म्हटलं, आश्चर्याने म्हटलं, हसून म्हटलं. सगळंच खोटं वाटत होतं.

"तसं नको."

तिच्या हातातली पळी थांबली. आवाज दाराआडून आला होता, आणि तो इतका जाड झाला होता की क्षणभर तिला वाटलं, घरात कुणी परका पुरुष शिरलाय.

"तो विचारत नाहीये," दाराआडचा आवाज म्हणाला.

फुजिए हळूच बोळात आली. "मग काय करतोय?"

"हिशोब करतोय. मनातल्या मनात. कुणी उत्तर देणारे का, त्याची वाटच बघत नाहीये तो."

गुरुवारी स्टुडिओत तिने ते वाक्य तसं म्हटलं. काचेपलीकडे नुकागाचा हात तोंडापासून खाली आला. "हं," तो म्हणाला. "हेच."

घरी येऊन ती कोट न काढताच दाराशी गेली. "नुकागा-सान म्हणाले, हेच."

"माहीत होतं मला."

"तू बघतोस ती? नागी?"

आत खुर्ची करकरली. मग, "त्यांनी बघायची सोडली ना, वर्गातल्यांनी. त्यांना कळेनाशी झाली. मग मी बघायला लागलो."

तेव्हापासून दर आठवड्याला पटकथा हातात पडली की फुजिए बोळात उशी टाकून बसायची आणि दाराला पाठ लावून वाचायची. तो आतून सांगायचा. "इथे थांब." "हे हळू नको, हे उलट चटकन म्हण, तो लपवतोय." "गोईला सगळं आधीच ठाऊक आहे, म्हणून तो कुरकुरतो." कधी ती म्हणायची, "अरे, पण याचा अर्थ काय?" आणि तो वैतागायचा, "अर्थ राहू दे गं आई, तू नुसती म्हण." त्या वैतागाने तिला किती बरं वाटायचं! वैतागणारा मुलगा म्हणजे घरात असलेला मुलगा. ताटं थोडी रिकामी यायला लागली. स्टुडिओत लोक म्हणू लागले की मिकामो-सानना या वयात काय सूर गवसलाय, आणि ती मान खाली घालून पानं चाळायची.

मग नुकागाने शेवटच्या भागांच्या पटकथा वाटल्या. मालिका बंद व्हायची होती.

फुजिएने आपली प्रत स्टेशनवरच्या बाकावर बसून वाचली. समुद्र आटत चाललेला असतो. होडी वाळूत रुतलेली, गोई तिच्यात पंखात डोकं घालून झोपलेला. नागी उठतो, समोरच्या मोकळ्या वाळूकडे बघतो आणि म्हणतो, 'आता मी नसलो तरी चालेल.' आणि चालू लागतो. गोई जागा होत नाही.

गाडी आली, गेली. ती बाकावरच होती. मार्च उजाडला तरी हवेत गारठा होता. हे वाक्य तिच्या तोंडून निघणार, आणि दाराआड तो ते ऐकणार. एकदा नाही. तो टेपवर घेऊन पुन्हा पुन्हा लावतो, हे तिला भिंतीतून ऐकू यायचं.

दुसऱ्या दिवशी तिने नुकागाला स्टुडिओसमोरच्या कॉफीच्या दुकानात गाठलं.

"ते वाक्य काढा," ती म्हणाली. 'कृपया' म्हणायचंही तिला सुचलं नाही.

"कुठलं?" त्याने विचारलं, पण त्याला समजलं होतं. "का, मिकामो-सान?"

"मुलं बघतात."

"मुलं आता बघत नाहीत. म्हणून तर आपण बंद होतोय."

"एक मुलगा बघतो."

नुकागाने कप खाली ठेवला. तिने सगळं सांगितलं नाही. दार, ताट, एवढंच सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मी त्या वयात होतो ना, तेव्हा सगळे मला सांगायचे, तुझ्यावर सगळं आहे, तू नसशील तर आमचं कसं व्हायचं. आईवडील, शिक्षक, सगळे. मला श्वास घेता येईना. आणि एक दिवस वाटलं, अरे, माझ्याशिवाय जग मजेत चाललंय की. त्या दिवशी मी पोटभर जेवलो. ते वाक्य त्या दिवसाचं आहे. ते मरणाचं नाहीये."

"तुमचं पोट भरलं असेल," फुजिए म्हणाली. तिचा हेल बाहेर आला होता, तिला पर्वा नव्हती. "माझ्याकडे ताट जसंच्या तसं परत येतं. ऐकणाऱ्याला कसं कळायचं, तुमचा दिवस कुठला होता ते?"

 नख खायला नुकागाचा हात वर गेला, मध्येच थांबला. "मला ते काढता येणार नाही," तो शेवटी म्हणाला. "सगळी मालिका त्याच्याकडे चालत आलीये. तुम्हाला नसेल जमत तर... दुसरं कुणी..."

"नागीला दुसरं कुणी नाही," फुजिए म्हणाली आणि उठली.

घरी तिने खोटं सांगितलं, की पटकथा अजून आली नाही. पुढच्या आठवड्यातही तेच. ताट पुन्हा भरलेलं यायला लागलं. भाताला हात लावलेला नसायचा, लोणचं तेवढं गेलेलं. शेवटी एका दुपारी ती भाजी चिरत असताना दाराआडून आवाज आला.

"आई, तुला आवाज द्यायला परवा जायचंय. आणि पटकथा आली नाही म्हणतेस?"

सुरी तशीच टाकून ती बोळात येऊन बसली. पटकथा तिने तांदळाच्या डब्यामागे लपवली होती; ती आणून त्या वाक्याच्या आदल्या पानापर्यंत वाचली आणि थांबली.

"पुढचं पान?"

"पुढे नागी जातो. एवढंच."

"आई, पान दे."

तिने टाचण्या उचकटल्या, ते एक पान सोडवलं आणि दाराखालून आत सरकवलं. कागदाचं टोक थोडा वेळ बाहेर राहिलं, मग आतून ओढलं गेलं. बाहेर वसाहतीच्या मैदानात कुणीतरी गाद्या झोडपत होतं. 

"शुहेई?"

"वाचतोय."

आत कागद सरसरला. मग तो म्हणाला, "हे म्हणायची भीती वाटते तुला."

"हो."

"माझ्यामुळे."

"हो," फुजिए म्हणाली. "तू ऐकशील म्हणून."

आत काहीतरी भिंतीवर आपटलं. पुस्तक असेल. "म्हणजे तुला काय वाटतं, मला हे नुकागा शिकवणारे? टीव्हीवर ऐकून मला सुचणारे? रोज म्हणतो मी हे! दार लावलं तेव्हापासून रोज म्हणतोय. इथे. तू तिकडे भांडी घासत असतेस तेव्हा. तुला ऐकू आलं नाही, एवढंच."

 जन्मभर फुजिएने कान आणि गळा यांवर पोट भरलं होतं. तिच्या पाठीमागे, पातळ फळीपलीकडे, हे वाक्य रोज बोललं जात होतं, आणि ती सूप चाखून बघत होती.

"म्हण," ती कशीबशी म्हणाली. "आत्ता म्हण. मी ऐकते."

"कशाला?"

"मी इथे आहे. म्हण."

तो म्हणाला. त्याच्या स्वतःच्या, जाड, फुटक्या आवाजात. "आता मी नसलो तरी चालेल." त्यात रडू नव्हतं, राग नव्हता. संध्याकाळी दुकान आवरताना कुणी म्हणावं, तसं.

"नाही चालणार," फुजिए म्हणाली. "मला नाही चालणार."

"गोईला असं वाक्य नाहीये तिथे. तो झोपलेला असतो."

"मी गोई नाही. मी जागी आहे."

आतून आला तो हुंदका होता की नुसता खोकला, हे तिला आजही सांगता येत नाही. दार उघडलं नाही. ती तिथेच बसून राहिली, भाजी तशीच पडून वाळली. मध्ये एकदा तिने विचारलं, "आहेस ना?" आणि तो वैतागून म्हणाला, "आहे." काही वेळाने तिने पुन्हा विचारलं. पुन्हा, "आहे."

ठरल्या दिवशी ती माइकसमोर उभी राहिली. पडद्यावर एक आडवी रेघ होती, बाकी सगळं पांढरं. ओताकी बाजूला झोपलेल्या बगळ्याचा श्वास घेत होते. फुजिएने वाक्य म्हटलं.  काचेपलीकडून नुकागाचा आवाज आला, "छान. पण जरा जड झालं, मिकामो-सान. एकदा अजून घेऊ, थोडं हलकं."

"नाही," ती म्हणाली.

"अं?"

"मी हे दुसऱ्यांदा म्हणणार नाही."

एवढ्या वर्षांत तिने पुन्हा म्हणायला कधी नकार दिला नव्हता. दहादा म्हणा म्हटलं तर दहादा म्हणायची ती. तंत्रज्ञाने मान वर करून पाहिलं. ओताकींनी श्वास रोखला होता, तो सोडला आणि म्हणाले, "मलाही एकदाच झोपता येतं हो, नुकागा-सान. चला, जेवायला जाऊ." तिने म्हटलेलं तेच राहिलं.

तो भाग लागला. मासिकांत लेख आले. कुणी त्याला निराशा म्हटलं, कुणी मुक्ती. फुजिएने त्यातला एकही पुरा वाचला नाही. शुहेईनेही त्या भागाबद्दल अवाक्षर काढलं नाही. आणि मग जे तिच्या ध्यानीमनी नव्हतं ते झालं: मालिका संपली, पटकथा यायच्या थांबल्या, आणि दाराशी बसायला तिच्याकडे निमित्तच उरलं नाही. ती उशी टाकून बसायची. काय बोलायचं ते सुचायचं नाही. मग तेवढंच विचारायची, "आहेस ना?" कधी उत्तर यायचं, कधी भिंतीवर दोन टिचक्या. काही आल्याशिवाय ती उठायची नाही. एकदा तर कामाची वेळ चुकली.

प्रभागाच्या आरोग्य केंद्रात जाऊन तिने तिथल्या एका समुपदेशक बाईंना घरी आणलं. त्या बाई महिनोन् महिने दाराशी बसून हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, आणि आतून काही यायचं नाही. फुजिएने कुशिरोला फोन करून नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी येऊ का?" ती म्हणाली, "ये." तो आला, आणि पहिल्यांदाच आठवडाभर राहिला. दाराशी बसून त्याने कारखान्यातल्या लाकडाच्या लगद्याबद्दल सांगितलं, दुसरं त्याला काही येत नव्हतं. तो गेल्यावर शुहेईने आईला विचारलं, "बाबांचे केस एवढे पांढरे कधी झाले?" म्हणजे त्याने फटीतून पाहिलं होतं.

कुठल्या एका दिवशी दार उघडलं, असं झालं नाही. आधी रात्रीचं ताट तो स्वतः उचलून सिंकमध्ये ठेवू लागला. मग ती घरात असतानाच अंघोळीला निघाला, तिच्याकडे न बघता, भिंतीला धरून. केस खांद्यापर्यंत आलेले, गालांवर विरळ दाढी. फुजिए टेबलाशी मटारच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता ती सोलत राहिली, आणि न्हाणीघराचं दार लागल्यावर तिने तोंडावर हात दाबला.

पुढे त्याने टपालाने शिकायचं धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. काही महिने एका लोणच्याच्या कारखान्यात मुळे धुवायला गेला. परत खोलीत गेला. परत बाहेर आला.

फुजिए आता बसच्या थांब्यांची नावं ध्वनिमुद्रित करते, दवाखान्यांतल्या सूचना वाचते. पोराचा आवाज तिने काढायचा सोडला. गेल्या शरदात नुकागाचा फोन आला. नवी मालिका आहे, म्हातारीचं काम आहे, तुम्हीच हव्या आहात. "आधी पूर्ण पटकथा पाठवा," ती म्हणाली. "शेवटासकट." त्याने पाठवली. तिने ती ओळ न् ओळ वाचली, दोनदा. डोंगरावरची एक म्हातारी दगडांना नावं देत जाते, बाकी तिला फारसं कळलं नाही.

रात्रीच्या जेवणाला शुहेई टेबलाशी होता. ती म्हणाली, "नुकागा-सानचं नवं काम आलंय."

"कशाबद्दल आहे?"

"मला नाही कळलं."

तो संत्रं सोलत होता. 'दाखव' म्हणाला नाही. फुजिएने थोडी वाट पाहिली. हे चांगलं लक्षण की वाईट, तिला ठरवता येईना. त्याने अर्धं संत्रं तिच्यापुढे सरकवलं, उरलेलं घेऊन तो खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. कडी लागल्याचा आवाज येतो का, ते ऐकत ती बसून राहिली.